शेऱ्याचा रकाना

शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा नाही, हे ठकीला मी शिकवलं. बारा वर्षांपूर्वी ती आमच्या वाचनालयात उमेदवार म्हणून आली, तेव्हा तिला पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठीसुद्धा सरळ चिकटवता येत नव्हती. माझ्या थोरल्या बहिणीची ही धाकटी. लहानपणी गोल गरगरीत होती, बसवू तिथे लाकडी बाहुलीसारखी बसून राहायची, म्हणून घरात ठकी नाव पडलं. आता ती ग्रंथपाल आहे. तिच्या खोलीच्या दारावर पाटी आहे आणि मी अजून देवघेवीच्या टेबलाशीच आहे. याचं मला खरंच कधी वाईट वाटलं नाही. पाटी लागली त्या दिवशी शिपायाच्या हातातून फडकं घेऊन ती मीच पुसली होती.

देवघेवीत सत्तावीस वर्षं गेली. दिवसभर पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, तारखेचे शिक्के मारायचे. अजूनही माझ्या हातात कुठलाही कागद आला की मी मजकुराआधी तारीख बघते. लग्नपत्रिका असो की औषधाचं पाकीट. घरचे यावरून माझी भरपूर टिंगल करतात.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मात्र मी टेबलाशी नसायची. त्या दोन सकाळी घरपोच सेवेच्या. ज्यांना वाचनालयाच्या सोळा पायऱ्या चढवत नाहीत अशा वाचकांकडे मी दोन खांद्यांना दोन पिशव्या लावून जायची. असे वाचक अकरा. त्यांची एक वेगळी वही होती: तारीख, वाचक क्रमांक, दिलेलं पुस्तक, परत आलेलं पुस्तक, आणि शेवटी शेरा. बाकीचे लोक शेऱ्यात 'ठीक' असं लिहून मोकळे होतात. मला ते जमत नाही. उद्या मी आजारी पडले आणि माझ्या जागी दुसरं कोणी गेलं, तर त्याला त्या दारामागचं माणूस कळायला नको का? म्हणून मी लिहायची. 'अक्षर बारीक वाटतं, मोठ्या टायपातलं देणे.' 'पाय सुजलेत, दार उघडायला वेळ लागतो, दोनदा बेल वाजवू नये.' 'पुस्तक उघडलं नाही. पाऊण तास सुनेबद्दल बोलले. ऐकून घेणे.' हे शेवटचं वाचून ठकी उमेदवार असताना पोट धरून हसली होती. मी तिला दटावलं होतं की हसू नकोस, खरं आहे ते, आणि शेरा खराच लिहायचा असतो.

वाचक क्रमांक सात म्हणजे मोठ्या बाई. मुलींच्या शाळेत एकवीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे ज्यांना त्यांनी शिकवलं नाही तेही त्यांना मोठ्या बाईच म्हणायचे. मीही त्यातलीच. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. ताठ बसायच्या, इस्त्रीचे कपडे घालायच्या, आणि माझ्या बोलण्यात व्याकरणाची चूक झाली की हात वर करून मला मध्येच थांबवायच्या. पहिल्या महिन्यात मला 'अहो' म्हणत होत्या. मग एक दिवस 'अगं' म्हणाल्या आणि ते तसंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासमोर पुस्तक उलटं धरलं. मी सरळ करून हातात दिलं. त्या म्हणाल्या, "कडेचं थोडं दिसतं गं. मधलं सगळं पुसलं गेलंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात, एवढंच राहील. तू मुलाला सांगू नकोस."

त्यांचा मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि दर रविवारी यायचा. चांगला होता, मायाळू होता, पण ठाम होता. त्याने आईला बजावून ठेवलं होतं, "तुला वाचता येतंय तोवर तू इथे राहा. ते जमेनासं झालं की माझ्याकडे यायचं, त्यावर चर्चा नाही." मुलाच्या घरी जायचं म्हणजे काय, हे बाईंनी मला एकदाच सांगितलं होतं. तिथे त्यांना सगळं आयतं मिळालं असतं, आणि स्वतःच्या हाताने एक खिडकीसुद्धा उघडायला मिळाली नसती. इथे गॅसची शेगडी, औषधाचा कप्पा, जिन्याचा कठडा, सगळं त्यांना पावलं मोजून पाठ होतं.

म्हणून वाचनालयाचं पुस्तक टेबलावर दिसणं गरजेचं होतं. मी मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर वाचून दाखवायची आणि निघताना पुस्तकातली खूण पुढे सरकवायची. रविवारी मुलगा आला की बाई त्याला पुस्तकातल्या गोष्टी सांगायच्या. त्यांची स्मरणशक्ती अशी की पान पाठ म्हणतील. शेवटचं पुस्तक चाललं होतं ते एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या आठवणी. त्यातली वादळात कढई सांभाळण्याची हकिगत ऐकून मुलगा पोट दुखेपर्यंत हसला, असं बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मुलाच्या डोळ्यात आम्ही धूळ फेकत होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी मी खूण सरकवत होते. वहीत मात्र मी खरं लिहिलं: 'दिसत नाही. वाचून दाखवणे. मुलाला माहीत नाही, बोलू नये.' न जाणो, माझ्या जागी कोणी नवखं गेलं आणि फोनवर मुलाशी भडाभडा बोललं तर?

ठकी ग्रंथपाल झाली तेव्हा वाचनालयाची अवस्था काय होती, तेही सांगायला हवं. नाहीतर मी एकतर्फी बोलते असं होईल. आमच्या अभ्यासिकेत खुर्च्या चव्वेचाळीस आणि परीक्षेला बसणारी पोरं दीडशे. सकाळी सातला दार उघडायच्या आधी रांग लागायची. ज्यांना खुर्ची मिळायची नाही ती त्या सोळा पायऱ्यांवर मांडीवर वही घेऊन बसायची. एक मुलगी तर चपलांच्या फळीजवळ उभ्याने वाचायची. हे बघून माझाही जीव तुटायचा. वरच्या मजल्यावरची जुनी नियतकालिकांची खोली उघडायची, तिथे टेबलं लावायची, तर तिथे लक्ष ठेवायला माणूस हवा होता. माणसं आम्ही मोजून पाच. म्हणून कार्यकारी समितीने ठरवलं की वाचनालयाच्या सगळ्या कामांचा प्राधान्यक्रम लावायचा. काय आधी, काय नंतर, काय नकोच.

त्या महिन्याच्या नऊ तारखेला, रविवारी, ठकी माझ्या घरी आली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, लहानपणी राहायची तशीच. मी चहा टाकला.

"मावशी, समितीत घरपोचवरून वाद होणार," ती म्हणाली. "आकडे दाखवले तर कोणी ऐकणार नाही. अकरा हा काय आकडा आहे? पण तुझी ती वही वाचली तर ऐकतील. मला दे ती वही. मी बाजू मांडते."

माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस मी त्याच काळजीत होते आणि ही आपली होऊन आली होती. मी पिशवीतून वही काढली. देताना मात्र हातात धरून ठेवली.

"सांभाळून हं. आत लोकांची दुखणी आहेत."

"मावशी, मी काय परकी आहे का?"

असं म्हणाली आणि माझ्या कपातला चहा प्यायली. स्वतःचा तिने संपवला होता.

सतरा तारखेला, सोमवारी, समितीची बैठक झाली. त्यानंतर मी दोनदा तिला विचारलं, काय झालं? दोन्ही वेळा ती घाईत होती. मंगळवारी मी बाईंकडे जायला पिशव्या भरायला लागले तर तिने कळवलं की या आठवड्यात नवी खोली लावायची आहे, तेव्हा फेरी नको. शुक्रवारीही तेच. मी पाट्या पुसल्या, टेबलं सरकवली, दिव्यांची बटणं तपासली. मनात म्हणत होते, ही एक खोली उघडू दे, पोरं पायऱ्यांवरून उठू देत, मग पुढच्या मंगळवारपासून आपण आहोतच.

पुढच्या मंगळवारी सकाळी, पंचवीस तारखेला, कार्यालयातल्या कारकुनाने माझ्या टेबलावर फाइलला लावायचे कागद आणून ठेवले. वरचाच कागद समितीपुढे ठेवलेलं टिपण होता. सवयीप्रमाणे मी आधी तारीख बघितली. तीन तारीख. खाली ठकीची सही. मग मजकूर वाचला: घरपोच सेवा प्राधान्यक्रमात बसत नसल्याने बंद करावी, असा प्रस्ताव. 'पूरक पुरावा पुढील आठवड्यात सादर करू.'

तीन तारखेला तिने हे लिहिलं होतं. नऊ तारखेला माझ्या ओट्याला टेकून उभी होती. पुरावा न्यायला आली होती ती. आणि मी तिला चहा करून दिला.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. मी तिच्या खोलीत गेले, दार लावलं आणि कागद तिच्यासमोर टाकला.

"ठके, केसाने गळा कापलास माझा."

तिने कागदाकडे बघितलं नाही. काय आहे ते तिला ठाऊक होतं. म्हणाली, "बसा ना तुम्ही."

बंद दाराआड तिने मला आयुष्यात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. लोकांसमोर म्हणायची, तो शिष्टाचार होता. आत दोघीच होतो.

"अकरापैकी चार जण वाचतात," ती म्हणाली. "हे मी म्हणत नाही, तुम्ही लिहिलंय. एका बाईंकडे पुस्तक वर्षभर उघडलेलं नाही. एक आजोबा सुनेबद्दल बोलतात. ते सेवा घेत नाहीत, सोबत घेतात. सोबत पुरवणं वाचनालयाचं काम नाही."

"मग कोणाचं आहे?"

"ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की तुमच्या दोन सकाळी मला वरच्या खोलीसाठी हव्यात. चपलांपाशी उभी राहणारी मुलगी कालपासून खुर्चीवर बसते. तिला तुम्ही सांगा, ऊठ म्हणून."

ती मुलगी खुर्चीवर बसलेली मी पाहिली होती आणि मला बरं वाटलं होतं. पण ठकीने हे मला माझ्या स्वयंपाकघरात तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित हो म्हटलं असतं. न वाचणाऱ्या त्या सात जणांना मी स्वतः जाऊन सांगितलं असतं. बाईंसाठी काहीतरी वाट काढली असती. तिने मला विचारलंच नाही. माझा शब्द माझ्याच हातातून काढून घेतला आणि माझ्यावरच चालवला.

"वाचकांना कळवलंस?"

"पत्रं गेली गुरुवारीच. कारण कळवायचं असा नियम आहे. कार्यालयाने प्रत्येकाचं कारण वहीतून उतरवून घेतलं."

"वहीतून? वहीतून काय?"

"शेरे."

तिच्या कपाटावर वही पडली होती. मी पान उघडून क्रमांक सातवर बोट ठेवलं आणि तिच्यापुढे धरली. तिने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. म्हणजे तिनेही ते नीट वाचलं नव्हतं. आकडे काढले होते फक्त. किती उघडली, किती नाही.

"मावशी," ती म्हणाली, "कारकुनाने बघायला हवं होतं गं."

मी वही उचलली आणि बाहेर पडले.

चौथ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. आत खोकी होती. बाईंचं पुस्तकांचं कपाट रिकामं करून बाजूला सरकवलं होतं आणि भिंतीवर त्याच्यामागची जागा रंगाने उजळ दिसत होती. त्यांचा मुलगा जुन्या वर्तमानपत्रात कप गुंडाळत होता. मला बघून उठला.

"वाचनालयातून ना? या." आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "मी दर रविवारी आल्या आल्या ती खूण बघायचो. कुठवर आली, हे बघायचो. मला बरं वाटायचं. तुम्ही सरकवत होतात ना ती?"

"हो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "आई आत आहे," म्हणाला आणि पुन्हा कप घेऊन बसला.

बाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. इस्त्रीचे कपडे, पाय जुळवलेले. माझं पाऊल त्यांना ओळखता यायचं, तरी त्यांनी कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"पत्र शनिवारी दाराखालून आलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, नेहमीचं असेल, मुदतीचं. रविवारी मीच त्याला म्हटलं, वाच जरा, माझा चष्मा आत राहिलाय."

मी खाली बसले. बसायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"तो छान वाचतो. मीच शिकवलंय त्याला. मोठ्याने, स्वल्पविराम पाळून. 'कारण: दिसत नाही. वाचून दाखवणे. मुलाला माहीत नाही, बोलू नये.' एवढं वाचून थांबला. मला म्हणाला, आई, मुलाला म्हणजे कोणाला?"

बाहेरच्या खोलीत कागदाचा आवाज थांबला होता.

"बाई, ती वही माझ्याकडून फसवून नेली," मी म्हटलं. "माझ्या भाचीने. माझ्या घरी येऊन, गोड बोलून. मला काही माहीत नव्हतं, शपथ."

"तिने नेली. लिहिलं कोणी?"

"मी. पण ते कशासाठी, की मी रजेवर गेले आणि दुसरं कोणी आलं तर त्याला..."

"दोन वर्षांत किती वेळा रजेवर गेलात?"

मी मनात मोजायला लागले आणि थांबले. गेला आठवडा सोडला तर मंगळवार-शुक्रवार मी एकही चुकवला नव्हता. ताप असताना गेले होते, सासूबाईंच्या दहाव्याला दुपारून गेले होते. ते वाचायला दुसरं कोणी कधी येणारच नव्हतं. तरी मी लिहिलं होतं, कारण रकाना होता.

आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या मला 'गेलात' म्हणाल्या होत्या.

"बाई, मला 'तू' म्हणा," मी म्हटलं. लाज सोडून म्हटलं.

त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. हात लांब करून खिडकीच्या कट्ट्यावर चाचपडल्या आणि जहाजावरच्या स्वयंपाक्याचं पुस्तक काढलं. खूण जिथल्या तिथे होती.

"हे तुमचं. मुदत संपायच्या आत परत करते आहे."

"थोडंसंच राहिलंय. वाचू का? आत्ता बसून संपवते."

"नको."

मी पुस्तक घेतलं. पिशवी आणली नव्हती, म्हणून वहीवर ठेवून छातीशी धरलं. दाराशी गेले तेव्हा त्यांनी हाक मारली. मला वाटलं, 'अगं' म्हणतील.

"शेऱ्यात काय लिहाल आज?"

मी वळून बघितलं.

"खरं लिहा," त्या म्हणाल्या. "तुमची पद्धत आहे ती."

बाहेरच्या खोलीत मुलगा खोक्याला दोरी बांधत होता. त्याने मला वाट दिली.

चार मजले उतरून मी खालच्या पायरीवर बसले. वही मांडीवर घेतली. तारीख घातली. वाचक क्रमांक सात. दिलेलं पुस्तक: नाही. परत आलेलं पुस्तक: एक. मग शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मला तो कोरा सोडावासा वाटला. ठकीचं नाव लिहावंसं वाटलं, माझं लिहावंसं वाटलं. मी पुस्तक उघडलं, खुणेपासून शेवटापर्यंत पानं मोजली आणि लिहिलं: 'चाळीस पानं राहिली.'